‘टाकाऊ’ नावाचा फोल्डर

“एवढ्या कप्प्यांत हिची आई कुठल्या कप्प्यात आहे?” शंभुगीरबाबांनी विचारलं.

सौमित्र हसला. याच प्रश्नाची तर तो चार वर्षं वाट पाहत होता.

मांजरा नदीकाठच्या त्या मठात बाबांच्या आधीच्या महंतांनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवल्या होत्या. दोन ट्रंका भरून कॅसेटी. सौमित्र पुण्यातली नोकरी सोडून बाबांकडे आला तो शिष्य व्हायला. पण आल्या आल्या त्याने त्या ट्रंका पाहिल्या आणि कामाला लागला; बाबांजवळ बसणं राहूनच गेलं. एकेक कॅसेट त्याने कॉम्प्युटरवर घेतली. सगळ्याच कॅसेटींना बुरशी धरलेली, त्या मग फेकून दिल्या. आता जे काही होतं ते कॉम्प्युटरमध्ये, आणि ते कुठे आहे हे ठाऊक फक्त सौमित्रला.

“बघा बाबा. ओव्या. त्यात दळणाच्या. त्यात गाव, त्यात बाईचं नाव, त्यात साल.” फोल्डरातून फोल्डर उघडत गेले. “ही धुरपताबाई. पाच क्लिक, बस.”

धुरपताबाईची लेक कौतिकाबाई शेजारीच बसली होती. साठीची बाई. उजवा कान केव्हाच गेलेला. तिने डावा कान स्पीकरला लावला.

जात्याची घरघर आली. तिच्यावर स्वच्छ, मोकळा आवाज.

ओव्या संपल्या तरी ती तशीच वाकून राहिली.

“लई चांगलं केलंस, दादा. पण गाणं मला पाठ हाय. मधी ती मला हाक मारती... तेवढी लाव.”

“हाक?”

“मी घाटाकडं पळाले हुते. सात वर्साची आसंन. आईनं जातं थांबवलं अन् हाक मारली. ती बी टेपात आली. तवाच्या महाराजांनी पुन्यांदा लावून दावली, तर बाया किती हासल्या!” तिने पदर कानामागे सारला. “ह्यो कान बी चाललाय. डॉक्टर म्हनला, दिवाळीपस्तोर टिकला तर टिकला. म्हनून आले.”

सौमित्रने माउस सोडला.

हाक त्याला आठवत नव्हती. आपण काय केलं ते मात्र आठवत होतं. खोकले, भांड्यांचे आवाज, किरकिरणारी पोरं, मध्येच कुणाचं तरी बोलणं... ओवीच्या आड येणारं सगळं त्याने छाटलं होतं. छाटलेले तुकडे एका फोल्डरात टाकले होते. नाव ‘टाकाऊ’. आणि गेल्या उन्हाळ्यात जागा कमी पडली, तेव्हा त्यातलं बरंचसं पुसूनही टाकलं होतं.

किती? कुठलं?

बघितलंच नव्हतं.

त्याने फोल्डर उघडला. एकोणीसशे चाळीस तुकडे. प्रत्येकावर नुसता आकडा.

“शोध की,” बाबा म्हणाले.

“नावं नाहीत, बाबा. शोधायला नाव लागतं.”

“नाव आहे ना. कौतिका.”

सौमित्रने कौतिकाबाईकडे पाहिलं. हाक पुसली गेली असेल, हे या बाईला आत्ताच सांगावं का? की शोधण्याचं नाटक करून संध्याकाळी सांगावं?

त्याने हेडफोन कानाला लावला आणि पहिला तुकडा वाजवला. खोकला. दुसरा. वाटी पडल्याचा आवाज. तिसरा...

बाबा उठले. त्यांनी हेडफोनची वायर उपसून काढली, आणि खांद्यावरचं उपरणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकलं.

“बाबा! मला दिसणार कसं?”

बाबा जाऊन ओसरीवर बसले.

सौमित्रने कीबोर्डवर बोट ठेवलं. एक बटण दाबायचं, ऐकायचं. पुन्हा दाबायचं.

खोकला आला तशी कौतिकाबाई ताठ झाली. “ही गोदाकाकू! दम्यानं गेली बिचारी.”

मग कुणी तरी नाक शिंकरलं. “ही आमची साळू.”

एक पोर रडलं. “ह्ये न्हाय वळखू येत...” ती ओशाळून म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

त्या दिवशी सहाशे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी सातशे. कौतिकाबाई मठातच राहिली. प्रत्येक तुकड्याला सौमित्र तिच्याकडे बघे. हाच असेल. नाही. हाही नाही... उरले किती, हे उपरण्याआडून दिसत नव्हतं. एकदा त्याने उपरणं उचलायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

एका तुकड्यात कोणी म्हातारी “पानी दे गं” म्हणाली, आणि बटणावरचं त्याचं बोट अडखळलं. तिला पाणी मिळालं का? पुढचं काही नव्हतं. तिथंच तर त्याने छाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जातं थांबल्याचा आवाज आला.

“कौतिके... अगं ए कौतिके! पायरीवर नगं हुबी राहू. शेवाळ हाय तिथं!”

त्यामागे बायकांचं हसू. मग काही नाही.

कौतिकाबाईने स्पीकर दोन्ही हातांनी धरला होता.

“आले गं,” ती म्हणाली. मोठ्याने, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं.

सौमित्रने पुन्हा लावलं. ती पुन्हा म्हणाली, “आले.”

त्याच संध्याकाळी तिचा मुलगा न्यायला आला. सौमित्रने हाक मुलाच्या मोबाइलमध्ये घालून दिली. निघताना तिने सौमित्रच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

ती गेली. सौमित्र ओसरीवर आला.

“सापडली, बाबा.”

“ऐकली मी.”

“पण मी जे आधीच पुसलं... बाबा, त्यात कोणाकोणाच्या हाका होत्या?”

बाबांनी त्याला आजच पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.

मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

“ये, बस. कधी आलास?”