पहिली वाफ

एक होती चूल. हो, चूल. राजा-बिजा काही नाही आज. राजाच्या गोष्टीत राजाला वाढतं कोण आणि त्याचं खरकटं काढतं कोण, ते कधी सांगत नाहीत. म्हणून मला नाही आवडत त्या. तर चूल. गोधडी नीट घ्या अंगावर. गजा, पाय आखड, तिला लागतायत. ऐका.

वर पठारावर एक गाव होतं. तिथे हिवाळा असा पडायचा की सकाळी कळशीतलं पाणी ओठाला चावायचं. गवतावर पांढरं दहिवर पडायचं, कुत्री राखेत शिरून झोपायची. त्या गावात गोजरा नावाची बाई होती. नवरा केरबा, सासू चिमाबाई, सासरा, एक दीर आणि गोजराची पोरगी सगुणा. एवढं घर. आणि एवढ्या घराची चूल एकट्या गोजराच्या गळ्यात.

हाताला चव होती बरं का. बाजरीची भाकरी टम्म फुगायची. मेथीची भाजी, तीळ-लसणाची चटणी, ताज्या लोण्याचा गोळा. थंडीत शेंगोळे करायची. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात रटरट शिजवलेल्या. खाल्ले की कानशिलं गरम व्हायची. घरचं असं खाऊन सगळे कसे झाले होते? सासऱ्याच्या तोंडावर तेज. दिराचे दंड हे एवढाले. केरबाचा शर्ट पोटावर मावेना. आणि गोजरा? गोजरा म्हणजे काटकी.

का? इथेच माझं डोकं फिरतं.

त्या घराची एक रीत होती. स्वयंपाक झाला की पहिला घास चुलीत टाकायचा. चुलीचा मान. ते ठीक आहे. पण त्यानंतर? पहिलं ताट सासऱ्याचं. मग केरबाचं. मग दिराचं. मग पोरीचं. मग सासूचं. आणि मग भांडं खरवडून निघेल ते गोजराचं. तोवर जाळ विझलेला, रस्सा संपलेला, भाकरी गार पडून वातड झालेली. कुणी विचारायचं का, "गोजरे, तुला उरलं का गं?" नाव नको. हात धुवायचे, ढेकर द्यायचा, घोंगडी ओढायची. ढेकर! त्यातला अर्धा ढेकर त्या बाईच्या वाट्याचा होता!

हसू नका. हसण्यासारखं काही नाही त्यात.

मग एकदा काय झालं, त्या गावात थंडी म्हातारी आली. पांढरं लुगडं, पांढरे केस, अनवाणी पाय. ती दारोदार उभी राहते आणि वास घेते. कसला वास? रिकाम्या पोटाचा. भरल्या पोटात तिला शिरता येत नाही, तिथे ऊब असते. रिकामं पोट सापडलं की आत जाते आणि पाय पसरून बसते. गावभर हिंडली. मग केरबाच्या दाराशी आली. वास घेतला आणि गालात हसली. गोजरा भांडी घासत बसली होती. म्हातारी गेली की तिच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी गोजराने दुधाला हात लावला, दूध थिजलं. कळशीला लावला, पाण्यावर बर्फाचा पापुद्रा आला. चुलीपुढे बसली तर जाळ मागे सरकला. बोटं निळी पडली. थंडीत बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते ना? गोजराच्या तोंडातून निघेना.

मग घरच्यांना काळजी वाटली असेल, नाही? छे! सासरा म्हणाला, "भाकरी गार कशी?" दीर म्हणाला, "वहिनी, रश्शाला काही दम नाही आज." बाई गार पडत चालली ते नाही दिसलं, भाकरी गार झाली ते दिसलं!

मग त्या भाकरीपायी का होईना, केरबाने वैद्यबुवांना आणलं. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"हिच्या पोटात थंडी म्हातारी बसलीय. तिला एकच गोष्ट सोसत नाही. पहिली वाफ. भांड्यावरचं झाकण काढल्यावर पहिली वाफ निघते ना, तिच्यातला घास हिच्या पोटात जायला हवा. भोगीच्या सणापर्यंत गेला तर बाई वाचली. नाही गेला, तर म्हातारी काळजाला हात घालेल आणि हिचा बर्फाचा दगड होईल."

केरबा घाबरला. वाईट नव्हता तो, मी खोटं का बोलू? पण नुसता वाईट नसून बायकोचं पोट भरतं का?

म्हणाला, "डिंकाचे लाडू करू हिच्यासाठी. खारीक-खोबरं घालून, साजूक तुपात. गोजरे, घे करायला."

ऐकलंत? आजारी कोण? गोजरा. आणि लाडू करायचे कुणी? गोजराने!

मग गोजराने डिंक फुलवला, खारीक कुटली, गूळ विरघळवला. कढईवरचं झाकण काढलं. भसकन वाफ आली. तेवढ्यात सासरा म्हणाला, "बघू, गोडाला बरोबर आहे का." त्याने बघितलं. मग दिराने बघितलं. मग केरबाने बघितलं, एक नाही, दोन लाडू बघितले. मग सासूबाई म्हणाल्या, शेजारी वास गेलाय, त्यांनाही द्यायला हवेत. गोजराच्या हाताला काय लागलं? कढईच्या कडेची खरड. तीही गार. म्हातारी पोटात खुदकन हसली आणि वीतभर वर सरकली.

मग आठवड्याने चिमाबाई म्हणाली, "आज शेंगोळे घाल गं. आज फक्त तुझ्यासाठी. कुणी हात लावायचा नाही."

गोजराने निळ्या बोटांनी वळ्या केल्या. रस्सा उकळला. झाकणाला हात घालते, तोच दिराचे सोबती दारात. आलेल्याला आधी वाढायला नको? वाढलं. सोबत्यांबरोबर दीर बसला. दीर बसला म्हणून केरबा बसला. सासऱ्याला तर वास आल्यावर राहवेचना. "गोजरे, रश्शात पाणी वाढव जरा!" वाढवलं पाणी. गोजराच्या ताटात तेच पाणी आलं, एकसुद्धा वळी नाही. म्हातारी आणखी वर सरकली, बरगडीला टेकून बसली.

मग उजाडली भोगी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा, हरभरा, वांगी, गाजर, बोरं घातलेली भाजी, मुगाची खिचडी. गोजराच्या पापणीवर दहिवर बसलं होतं. तिने फुंकर घातली तर जाळच विझला. मग सगुणाने फुंकला. भाजी रटरटायला लागली. बाहेर बापये ओळीने पाटावर बसले, पोटावर हात फिरवत.

आणि पोटातून म्हातारी बोलली, "गोजरे, ही तुझी पोरगी ना? छान वाढतेय. हिचं लग्न कधी गं?"

"तुला काय करायचंय?" गोजरा म्हणाली.

"अगं, घर बघून ठेवते. तू यायच्या आधी मी हिवाळ्याला तुझ्या सासूत राहायला यायचे. आता तुझ्यात. तू दगड झालीस की हिच्यात. हिलाही शिकव हो, सगळ्यांचं झालं की मग जेवायचं."

गोजराने भांड्यावरचं झाकण काढलं, रीतीप्रमाणे पहिला घास चुलीत टाकला. तर काय झालं माहितीये? चुलीने घास परत फेकला! ठाप्पकन तिच्या हातावर. गोजराने पुन्हा टाकला. चुलीने पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा टाकला, तेव्हा चूल अशी भडकली, अशी भडकली, की छपराला झळ लागली.

"अगं मी मातीची!" चूल ओरडली. "मला कसली भूक? जन्मभर पहिला घास मला घालतेस, आणि स्वतःला काय घालतेस? खरड? खा तो घास! नाहीतर मी आज विझते, आणि पुन्हा या घरात पेटत नाही!"

मग गोजराला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, पण काय आला! तिने ताट घेतलं. भाकरी घेतली, वर लोणी. वाफाळलेली भाजी घेतली. आणि चुलीपुढे मांडी घालून बसली.

बाहेरून सासरा म्हणाला, "सूनबाई, ताट?"

"थांबा."

"कुणासाठी थांबायचं?"

"माझ्यासाठी."

चिमाबाई धावत आली. "काय मेलं हे! बापये उपाशी बसलेत आणि तू गिळतेस? लाज आहे का?"

गोजरा म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही वैशाखातसुद्धा घोंगडी का पांघरता?"

चिमाबाई जागीच थांबली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिला वाटायचं, म्हातारपण आलं.

"बसा," गोजरा म्हणाली. "सगुणे, तूही बस."

चिमाबाई बसली. गरम भाकरीचा घास तोंडात घातला. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिला गरम घास. जेवता जेवता म्हणाली, "भाजी खारट झालीय गं."

"नाही आत्याबाई. तुमचं रडं पडतंय तिच्यात."

चार घास पोटात गेले आणि गोजराच्या तोंडातून पांढरा लोट निघाला. थंडी म्हातारी! पाय पोळले होते तिचे. आता जाते कुठे? सगुणाकडे वळली, ती जेवत होती. चिमाबाईकडे वळली, तीही जेवत होती. मग तिने बाहेर बघितलं. पाटावर तीन रिकामी पोटं, ओळीने! म्हातारी धावली. सासऱ्याला सटासट शिंका. दिराचे दात कडाकडा. आणि केरबाच्या त्या मोठ्या पोटात म्हातारीने ऐसपैस पाय पसरले.

"गोजरे," केरबा कुडकुडत म्हणाला, "लई गार वाटतंय गं. रोज असंच वाटायचं तुला?"

मी असते तर म्हणाले असते, बस कुडकुडत होळीपर्यंत. पण गोजरा माझ्यापेक्षा बरी बाई होती.

ती म्हणाली, "पहिली वाफ तर आम्ही खाल्ली. आता दुसरं भांडं चढवावं लागेल. धनी, डाळ-तांदूळ त्या डब्यात आहेत."

"मी?"

"मग कोण? माझं जेवण चाललंय."

मग काय! केरबाने डाळ-तांदूळ धुतले, सासऱ्याने लाकडं सारली, दिराने लसूण सोलला आणि डोळ्याला बोट लावून बोंब मारली. खिचडी खाली लागली. मिठाचा पत्ता नाही. पण गोजराने ते भांडं उचलून घराच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "झाकणाला कुणी हात लावायचा नाही. सगळे बसा भोवती. सगळे बसले की मग."

सगळे बसले. गुडघ्याला गुडघा लावून. मग सगुणाने झाकण काढलं. भसकन पहिली वाफ निघाली आणि एकदम सगळ्यांच्या तोंडावर आली. थंडी म्हातारी किंचाळली, लुगडं सावरत दाराबाहेर पळाली, ती थेट पठाराच्या टोकापर्यंत. चूल खुशीत चटचट वाजली.

त्या दिवसापासून त्या घरात भांडं मधोमध येतं. राबणारी बाई येऊन बसेपर्यंत झाकण निघत नाही. चिमाबाईची घोंगडी खुंटीला गेली. गोजराच्या तोंडातून वाफ निघायला लागली, गालावर मांस आलं. केरबाला खिचडी जमायला लागली, मिठासकट. मोठी झाल्यावर सगुणा सासरी गेली, तेव्हा आईच्या घरचं मोठं भांडं घेऊन गेली आणि तिथेही मधोमध ठेवलं. सगळे पोटभर जेवले आणि उबेत राहिले.

म्हातारी मात्र अजून हिंडते. अजून दारोदार वास घेते.

संपली गोष्ट. मिटा डोळे.

थांबा. आत भांडी वाजतायत. आई जेवली का रे तुमची? काय? माहीत नाही? अजून कुणाला माहीत नाही? गजा, ऊठ. ऊठ म्हणते ना. तूही ऊठ गं. जा, भाकरी गरम करा, तिच्या हातातली घासणी काढून घ्या आणि तिला बसवा. तिचं ताट रिकामं झालेलं बघायचं, आणि मगच येऊन झोपायचं.