ऐनाच्या फळ्या

महाराजांच्या बंगल्यापुढे खाडीत अंतू मेस्त्रीने ऐनाच्या लाकडाच्या फळ्यांचा धक्का बांधला होता. "फळ्यांना दरसाल तेल द्या," असं तो परोपरीने विनवायचा, पण दिवाणांनी कधीच दिलं नाही. सातव्या वर्षी एक फळी मोडली आणि धक्का झाडणारी अंतूची बायको गोदा खाडीत बुडाली.

चौकशीत दिवाण म्हणाले, "तेल दरसाल दिलंय, महाराज. बाकी फळ्या ठणठणीत आहेत. ती एक मेस्त्रीने कच्ची ठोकली. कैद करा त्याला."

अंतूने हात जोडले. "कैद कबूल, महाराज. फक्त दिवाणसाहेबांनी त्या ठणठणीत फळ्यांवरून टोकापर्यंत जावं आणि तिथून माझी शिक्षा वाचून दाखवावी."

दिवाणांचं पाऊल काही उचलेना. महाराज काय ते समजले. बेड्या दिवाणांनाच पडल्या.

लोक अंतूच्या अकलेची वाहवा करू लागले. तो एवढंच म्हणाला, "तिचं वजन तरी केवढं होतं हो!"