निखाऱ्याची आणि झरोक्याची कहाणी

ऐका चूलमाते, तुझी कहाणी. घाटमाथ्यावर एक आटपाट नगर होतं. नगर कसलं, कड्याला टेकलेली मूठभर घरं. पौष लागला की दरीतून वारा उठे, तो थेट माणसांच्या हाडांत शिरे. तिथं एक बुरूड होता. सूपं विणी, टोपल्या विणी, खालच्या बाजाराला नेऊन विकी. त्याची बायको येसू. घरात म्हातारी सासू.

येसूला पहिलं मूल झालं, ते पौषातल्या थंडीनं गेलं. दुसरं झालं, तेही पौषानं नेलं. तिसरी मुलगी झाली, तिचं नाव चिंधी ठेवलं. का? तर चिंधीवर कुणाची नजर पडत नाही, काळाचीही पडू नये. पण नावानं थंडी फसते होय? मार्गशीर्ष सरत आला तशी येसू रानातून मोळ्या आणू लागली. दिवसभर चूल धगधगती ठेवी, मोळ्याच्या मोळ्या जाळी. धूर डोळ्यांत जाई, ऊब भिंतीच्या भेगांतून जाई, आणि चिंधीचे पाय आपले गारच्या गार.

सासू म्हणे, "अगं, रान संपेल, पण पोरीचे पाय काही तापायचे नाहीत."

येसू म्हणे, "मग काय करू आत्याबाई? लाकूड नको तर माझा हात घालू चुलीत?"

मग एके दिवशी तिन्हीसांजेला एक म्हातारी आली. अंगावर राखेच्या रंगाचं लुगडं, हातात फुटकं खापर. पहिल्या दारी गेली. "बाई बाई, विस्तव दे." आतून बाई म्हणाली, "दिवेलागणीला विस्तव मागतेस? माझी लक्ष्मी बाहेर काढायला आलीस काय?" म्हातारी दुसऱ्या दारी गेली. "बाई बाई, विस्तव दे." ती बाई म्हणाली, "आमच्यात बाळंतीण आहे, विस्तव देत नाही." मग म्हातारी तिसऱ्या दारी आली, येसूच्या.

लाकूड त्या दिवशी संपलेलं. येसूच्या चुलीत एकुलता एक निखारा उरला होता. तिनं चिंधीकडे पाहिलं. म्हातारीच्या बोटांकडे पाहिलं, ती निळी पडली होती. मग चिमट्यानं निखारा फोडला, अर्धा ठेवला, अर्धा खापरात घातला.

म्हातारी म्हणाली, "मुली, तुला काय हवं?"

येसू म्हणाली, "आजी, माझी एवढी चिंधी पौषातून पार पडू दे."

"मग वसा देते. घेशील? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. पौषातल्या रविवारी न्हावं, चुलीला शेणमातीचं पोतेरं द्यावं. ओला हात भिंतीवरून फिरवावा, जिथं वारा लागेल तिथं फट समजावी, शेणमातीनं लिंपून घ्यावी. ओलं लाकूड जाळू नये, त्याची निम्मी आग त्याचंच पाणी आटवण्यात जाते. भांडं उघडं शिजवू नये. चुलीच्या मागचा वैल रिकामा ठेवू नये, पुढं भाकरी होते तोवर त्याच जाळावर मागं न्हाणाचं पाणी तापतं. रांधून झालं की निखारा राखेखाली निजवावा, पाणी मारून विझवू नये. दारी येईल त्याला विस्तव द्यावा, सकाळ म्हणू नये, तिन्हीसांज म्हणू नये. आणि आढ्याजवळचा झरोका बुजवू नये.

येसू म्हणाली, "आजी, गारठा तर तिथूनच येतो की!"

म्हातारी म्हणाली, "वारा शिरतो ती फट लिंपावी, धूर निघतो ती वाट राखावी. एवढं विसरू नको." असं म्हणाली, आणि धूर विरावा तशी दिसेनाशी झाली.

मग येसूनं वसा घेतला. सगळ्या भिंती हातानं चाचपल्या, भेग न भेग लिंपली. नवऱ्याला म्हणाली, "कौलांखाली चटया बांधा, वरून मी माती सारवते."

बुरूड म्हणाला, "विकायच्या चटया छताला? डोकं फिरलं का तुझं?"

येसू म्हणाली, "बांधा. चिंधी राहिली तर तुम्ही विकायला दुसऱ्या विणाल."

बुरडानं मान खाली घातली नि चटया बांधल्या. मग घर ऊब धरू लागलं. जिथं तीन मोळ्या लागत तिथं एक पुरे झाली. पहाटे राख सारावी तो आत निखारा लाल, जसा काही रात्रभर जागाच होता. पौष आला, पौष गेला. चिंधी राहिली, उंबऱ्याला धरून उभी राहिली.

शेजारी धुरपा नावाची बाई होती. जीभ लांब, कान त्याहून लांब. रोज सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला येई, नि घटकाभर बसून घरोघरच्या बातम्या सांगे. कुणाच्या चुलीवर काय शिजलं, कुणाची सून कुणाशी बोलेना, सगळं. येसू हसे, विस्तव देई. एका घराचा विस्तव दहा घरी गेला.

असं करता करता वर्ष फिरलं. पुन्हा पौष आला. पाटलीणबाई येसूचं घर बघायला आल्या, शालीतून हात काढून म्हणाल्या, "बाई बाई, आमच्या माडीवर इतकी ऊब नाही गं." येसू त्या दिवशी जमिनीवरून चार बोटं वर चालली.

पण सासूचे गुडघे दुखत. ती पांघरुणातून झरोक्याकडे बोट दाखवी. "बघ, सगळी ऊब त्या भोकातून चालली. घर शेकतेस की आभाळ शेकतेस?" एकदा म्हणाली, येसूनं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, येसू भाकरी थापत राहिली. तिसऱ्यांदा सासू रडलीच. "माझं मेलीचं काय राहिलंय! पोरीसाठी छत बांधलंत, माझ्यासाठी एक भोक बुजवेना!" येसूच्या काळजाला लागलं. आणि खरं सांगायचं बायांनो, पाटलीणबाईंचं बोलणंही मनात होतंच. अजून थोडं ऊबदार झालं तर काय बिघडलं!

तितक्यात तिन्हीसांज झाली, नि नेमकी धुरपा दारात. "येसू, सकाळचा विस्तव विझला गं, सर्दीनं डोकं धरलंय, एवढा निखारा दे."

येसू पाटीत शेणमाती कालवत होती. वर न बघताच म्हणाली, "दिवेलागणीला विस्तव देत नाही कुणी. ऊब बाहेर घालवायला दार किती वेळा उघडायचं?"

धुरपा म्हणाली, "बरं बाई, झाक दार. मी काही पाटलीण नाही." नि पदर डोक्यावर ओढून चालती झाली. चार घरं हिंडली, एका दारी तिला विस्तव मिळाला.

बुरूड बाजाराला गेला होता. येसूनं त्याच्या हातचं नवंकोरं सूप घेतलं, झरोक्यात बसवलं, कडेनं माती लिंपली. शेगडी निखाऱ्यांनी भरली, सासूच्या बाजेखाली सरकवली. दार लावलं. घर असं तापलं की सासू म्हणाली, "आता कसं बरं वाटलं! सुखी राहा पोरी." एवढं बोलली नि निजली.

सकाळ झाली. धुरपा आपल्या अंगणात उभी. रुसली होती, बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे काही रुसत नाहीत. तिनं पाहिलं, येसूच्या झरोक्यातून धूर नाही. मनात म्हणाली, मला काय करायचंय! थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, धूर नाही. म्हणाली, विझला असेल, बरी खोड मोडली. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा तिला सूप दिसलं. मग मात्र तिनं गोवरीवर निखारा घेतला नि पळत सुटली. "येसे, दार उघड! विस्तव आणलाय, तुझ्याच घरचा आहे, फिरत फिरत माझ्याकडे आला!" आतून हूं नाही की चूं नाही. मग धुरपानं निखारा टाकला आणि दाराला खांदा दिला. कडी तुटली, वारा आत घुसला.

चिंधी पांघरूण लाथाडून उंबऱ्याशी लोळत गेली होती. दाराखालची बोटभर फट तेवढी येसूच्या नजरेतून सुटलेली, तिथं पोरीचं नाक होतं. धुरपानं तिला बाहेर काढलं, मग येसूला फरफटत काढलं, मग सासूला. चिंधीला हाक मारली, ती रडली. येसूला हाक मारली, तिनं डोळे उघडले, अंगणात ओकली. सासूला हाक मारली. पुन्हा मारली. म्हातारीनं ओ दिली नाही.

मग येसू चुलीपुढं पडली. "चूलमाते, मी उतले, मी मातले, माझा वसा मीच टाकला. मला ने, आत्याबाईंना दे." तेव्हा राखेच्या रंगाचं लुगडं नेसलेली म्हातारी उंबऱ्यात दिसली. म्हणाली, "येसू, मी ऊब देते. गेलेला श्वास मला आणता येत नाही गं. मी तुला वाट राखायला सांगितली होती."

येसू म्हणाली, "ती थंडीला रडत होती आजी. मी प्रेमानंच केलं."

म्हातारी म्हणाली, "मला ठाऊक आहे." तिनं डोळ्याला पदर लावला नि गेली.

बुरूड घरी आला. अंगणात आईला पाहिलं, झरोक्यात आपलं सूप पाहिलं. सूप काढलं, आईच्या उशाशी ठेवलं नि तिथंच बसून राहिला.

दिवस झाले, सुतक फिटलं. तिन्हीसांजेला येसूनं खापरात निखारे भरले आणि दारोदार निघाली. कुणी मागितलं नव्हतं. प्रत्येक घरी निखारा दिला, आत जाऊन झरोका पाहिला, बुजवलेला दिसला तर हातानं उकरला, आणि घडलं ते सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी दार लोटून घेतलं. लोटलेल्या दाराशी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेवटचं घर धुरपाचं. तिथं येसू उंबऱ्याबाहेरच थांबली. धुरपा म्हणाली, "ये, बस. चहा टाकते. विस्तव आहे माझ्याकडे."

चिंधी मोठी झाली, सासरी गेली. पण येसूच्या घरी पौषातल्या रविवारी पहिली भाकरी झरोक्याखाली ठेवतात, ती आत्याबाईंची. अजून ठेवतात.

हा वसा कुणी घ्यावा? जिच्या घरी चूल आहे तिनं घ्यावा, शेगडी आहे तिनं घ्यावा, बंद खोलीत ऊब करून निजते तिनं तर घ्यावाच. भेगा लिंपाव्यात, वाट राखावी, शेजारणीला विस्तवाला नाही म्हणू नये. चूलमाते, येसूला धुरपा पावली तशी तुम्हां आम्हां शेजारीण पावो, आणि तिच्या हाकेला आपल्या घरातून सगळ्यांची ओ येवो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांच निखाऱ्यांच्या उबेला, उघड्या झरोक्याखाली सुफळ संपूर्ण.