फोटोतली वही

अर्जात कोरा रकाना दिसला की प्राचार्य रणदिव्यांना चेव यायचा. प्रवेशाच्या मुलाखतीत त्यांनी जिवली भोयेला धारेवर धरलं.

"नुसते मार्क काय चाटायचेत? हा अर्ज बघ, आमच्या ट्रस्टींच्या नातवाचा. आदिवासी पाड्यावर जाऊन वह्या वाटल्यात त्यानं! हा फोटो. समाजसेवेचे दहा गुण! तुला अभ्यासाशिवाय काय येतं?"

जिवलीनं फोटो पाहिला.

"अभिनय येतो, सर."

"पुरावा?"

"तुमच्या हातात आहे. वही घेऊन हसतेय ना, ती मीच. फोटो निघाल्यावर वही काढून घेतली त्यांनी, पुढच्या पाड्यासाठी."

रणदिव्यांनी फोटो पालथा घातला. दहा गुण मात्र कुणीच खोडले नाहीत.