खुंटीवरची ट्यूब

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूला बरोबर घेऊन तालुक्याच्या बाजारात नाव घ्यायला गेला. नाव म्हणजे लाकडी होडी नव्हे. एकाच माणसाने बसायची, हवा भरून फुगवायची आणि मासे धरून झाले की घडी घालून खांद्यावर टाकायची, अशी रबरी नाव. गुरूही कोणी मठाधिपती नव्हते. धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून सारा जन्म काढलेले ते मच्छीमार होते, आणि सगळे त्यांना आबा म्हणत. पाण्याविषयी त्यांना जे उमगले होते ते पोथीत नव्हते, म्हणून हा तरुण संसार सांभाळून त्यांच्यापाशी शिकत राहिला होता.

आता शिकणे संपत आले होते. शिष्याला डोंगरापलीकडच्या नव्या तलावात मासे धरण्याचा परवाना मिळाला होता. पण तो एकाच हंगामाचा होता. या हंगामात पाण्यात उतरला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. घरी बायको आणि तान्हे मूल होते. मात्र त्याने आबांना शब्द दिला होता की तुम्ही हात लावून ‘चालेल’ म्हटल्याशिवाय मी नव्या नावेत पाय ठेवणार नाही. आबांनी शब्द मागितला नव्हता, पण दिल्यावर तो परतही केला नाही.

व्यापारी उत्साही होता. त्याने आधी गोल नाव फुगवून दाखवली. आबा म्हणाले, ही वाऱ्यावर गिरक्या घेईल. मग त्याने लांबट नाव आणली. हिच्यात पाय कोरडे राहतात, पाणी गार पडू लागलेले कळणार कसे, असे आबांनी विचारले. दोन्ही आक्षेप रास्त होते आणि शिष्याने ते मनात नोंदवून ठेवले. तिसरी नाव घोड्याच्या नालेसारखी होती. तिचे दोन कप्पे वेगवेगळे होते, म्हणजे एक फाटला तरी दुसरा तारून नेणार. बूड जाड होते, समोरची बाजू उघडी होती आणि पाय पाण्यात राहत होते. शिष्याचा चेहरा खुलला. आबांनी ती उलटीसुलटी केली, दाबली आणि म्हणाले, “रंग फार झळकतो. मासा बुजेल.”

व्यापाऱ्याने तीच नाव राखाडी रंगात काढून दिली. आबांनी तिचा वास घेतला आणि नाक मुरडले. वास चार दिवसांत जातो, असे व्यापारी म्हणाला. तर मग चार दिवसांनी बघू, असे म्हणून आबा दुकानाच्या पायऱ्या उतरलेसुद्धा. उतरताना ते स्वतःशीच पुटपुटले, “लिंबाजीच्या ट्यूबची सर नाही.”

लिंबाजी म्हणजे आबांचा जिवाचा मित्र. दोघांनी तरुणपणी ट्रकच्या चाकाची एक जुनी ट्यूब मिळवली, तिच्या मधल्या पोकळीत दोरीची बैठक विणली आणि कित्येक वर्षे तिच्यावर मासे धरले. लिंबाजी वारला तेव्हापासून ती ट्यूब आबांच्या घरात खुंटीला टांगलेली होती. तिला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तेव्हा आबा तिला हळदकुंकू वाहत आणि थोडा वेळ तिच्यासमोर बसून राहत. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशी एखादी खुंटी असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी नवी नाव, नवी खोट आणि पायऱ्या उतरताना लिंबाजीची ट्यूब. एकदा शिवण आवडली नाही, एकदा पंपाचा आवाज. पलीकडच्या तलावावर बाकीचे लोक उतरल्याची बातमी आली. शिष्याच्या बायकोने डोंगरापलीकडे न्यायचे म्हणून बांधून ठेवलेले भांड्यांचे बोचके सोडले. ते त्याला फार लागले. त्या संध्याकाळी बाजारातून परतताना तो वाटेत थांबला आणि म्हणाला, “आबा, मग तीच द्या मला. खुंटीवरची.”

आबा तसेच पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य पाण्यावर गेला तर आबा ती ट्यूब घेऊन काठाशी उभे. कोणाचा तरी पंप मागून आणून त्यांनी तिच्यात हवा भरली होती. ती त्याला द्यायची सोडून ते स्वतःच तिच्या बैठकीत बसले आणि हातांनी पाणी मारत निघाले. या वयात हे काय चालले आहे, ते शिष्याला कळेना. काठापासून थोडे दूर, जिथे धरणात बुडालेल्या बाभळींचे खुंट आहेत तिथवर आबा पोचले आणि ट्यूब फुसफुसू लागली. बघता बघता पाणी त्यांच्या छातीला आले. शिष्य कपड्यांनिशी धावला आणि त्यांना ओढून काठावर घेऊन आला. आबा चिंब झाले होते, कापत होते आणि हसत होते. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

दम खाऊन ते म्हणाले, “काल तू ही मागितलीस. तुला हिच्यावर खोल पाण्यात धाडायची माझी छाती होईना. मग माझं मलाच कळेना, जी पोराला द्यायची भीती वाटते, तिच्या मापानं मी दुकानातल्या नावा कशाला मोजतोय? म्हणून बसून बघितलं. आणि बसल्यावर आठवलं, ही तेव्हाही गळत होती. एकानं बसायचं, दुसऱ्यानं कडेला धरून तरंगायचं आणि नळीला तोंड लावून फुंकत राहायचं. मला धाप लागली की लिंबाजी फुंकायचा. निम्मे मासे त्या फुंकाफुंकीत निसटायचे. हे सगळं मी विसरलो होतो. पाण्यात उतरतच नाही त्या नावेत खोट कुठनं सापडणार? दुकानात मी नाव बघतच नव्हतो रे. मी लिंबाजीला शोधत होतो. आणि आता तूही निघालास.”

शिष्याने काठावर राहिलेला आपला कोरडा पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला.

त्याच दिवशी दोघे पुन्हा बाजारात गेले. आबांनी ती राखाडी नाव मागितली, दोन्ही कप्पे दाबून पाहिले, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, चालेल. व्यापाऱ्याला इतके आश्चर्य वाटले की तो आपण होऊनच तिच्यातल्या खोटी सांगू लागला. वासाचे नाव मात्र आबांनी काढले नाही. लिंबाजीची ट्यूब पुन्हा खुंटीवर गेली. पुढच्या खंडेनवमीला तिला हळदकुंकू मिळाले, पण तिचे भोक आबांनी बुजवले नाही.

डोंगरापलीकडे निघताना शिष्याने आबांच्या पायांवर डोके ठेवले आणि अखेरचे काही सांगा म्हणून विनवले. आबा म्हणाले, “ही नावही जुनी होईल. एक दिवस तुझ्याकडं कुणी शिकायला येईल आणि तू त्याच्यापाशी हिचे गोडवे गाशील. खुशाल गा. पण हिच्यातनंही हवा जात होती, तेवढं त्याला सांग.”

नव्या तलावावर पहिल्याच संध्याकाळी शिष्याने पाण्यात असताना नावेची कड अंगठ्याने दाबून पाहिली. ती किंचित मऊ लागली. पंप काठावर राहिला होता. त्याने नळीला तोंड लावून फुंकायला सुरुवात केली, आणि त्याला आबांची फार आठवण आली.