उंबऱ्यांचा चौक

धामणवेसच्या बाजारचौकात उभं राहिलं की खाली फरसबंदीत एकोणीस लांबट दगड वेगळे दिसतात. ते मध्यभागी झिजून खोलगट झालेत. काहींच्या कडेला लोखंडी बिजागरीची भोकं आहेत. दगड गोलाकार मांडलेत आणि त्यांच्या मधल्या जागेत जुन्या विटा उभ्या बसवल्यात. हल्ली शहरातून इंजिनिअर मंडळी येतात, पाडलेल्या घरांच्या सामानातून एवढा टिकाऊ चौक कसा उभा केला म्हणून वाकून वाकून पाहतात, मोजमापं घेतात. मारुतीच्या देवळातले विश्राम गुरव त्यांना सावलीत बसवतात आणि सांगतात, ते असं.

फार मागची गोष्ट. गावात प्लेग आला आणि खालच्या आळीतली एकोणीस घरं महिन्याभरात रिकामी झाली. दिवा लावायला माणूस उरलं नाही. छपरं काढून टाकायचा हुकूम निघाला, पुढच्या दोन पावसाळ्यांत भिंती बसल्या. इकडे बाजारचौकात चिखल एवढा व्हायचा की गाडी आसापर्यंत रुतायची. पंचांनी फरसबंदी करायचं ठरवलं, पण खाण तीन कोसांवर, आणि दुष्काळात गावाचे निम्मे बैल गेलेले.

तेव्हा येमाजी पाथरवट उठून म्हणाला, की लागेल तेवढा दगड आणि वीट खालच्या आळीत पडलीय. लोक चपापले. मेल्या घरचं सामान पायाखाली घ्यायचं कसं? येमाजी म्हणाला, "दगडाला सुतक नसतं."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण पुरतं नव्हतं. त्या आळीत त्याची धाकटी बहीण ठकू दिलेली होती. कामावर जाता-येता तिच्या पडक्या दारावरून जावं लागायचं. ती आळीच नाहीशी व्हावी असं त्याला वाटत होतं, आणि का वाटत होतं ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चार महिने काम चाललं. फुटक्या विटांची भुकटी चुन्यात मिसळून त्याने दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, भरल्या. उंबऱ्यांचे दगड मात्र त्याने पालथे घातले. वरच्या बाजूला हळदीकुंकवाचे डाग होते, पावलांनी पडलेले खळगे होते. कुणाचा कोणता ते ओळखू येऊ नये म्हणून.

चौक देखणा झाला. पहिला बाजार भरला, आणि त्याच दिवशी अंबादास कासार घरी पोचला नाही. शोधायला गेलेल्यांना तो खालच्या आळीच्या मोकळ्या रानात उभा सापडला, बांगड्यांची माळ हातात धरून. म्हणाला, गिऱ्हाईक हात धुवायला आत गेलंय. समोर तर भिंतसुद्धा नव्हती. मग दर बाजाराला कुणी ना कुणी तसंच सापडू लागलं. चौक ओलांडायचा, आणि पाय आपोआप तिकडे वळायचे. त्यांना बोलावणारं कोण, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

एका संध्याकाळी येमाजीची बायको सुंद्रा तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन मीठ आणायला गेली ती आलीच नाही. येमाजी धावत गेला. ठकूच्या घराच्या जागी तरवडाची झुडपं उगवली होती. त्यांच्यासमोर सुंद्रा पदर सावरून उभी होती.

"चल घरी," तो म्हणाला.

"थांबा की," ती शांतपणे म्हणाली. "वन्सं दार उघडतायत."

दुसऱ्या दिवशी पंचांनी सगळा दगड उखडून नदीत टाकायचं ठरवलं. येमाजीने एका दिवसाची मुदत मागितली. आळीतल्या मेलेल्यांची दारं आपण पालथी घातली, म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे दार मागतात, एवढंच तो बोलला.

सकाळपासून त्याने एकट्याने पहार चालवली. एकेक उंबरा उलटा करून सुलटा बसवला. खळगे हाताने पुसले. मग त्या घरधन्याचं नाव घेऊन विचारलं, "येऊ का?" थोडं थांबला आणि उजवा पाय टाकून आत गेला. आत म्हणजे त्याच मोकळ्या चौकात. पण दर उंबऱ्यापलीकडे त्याला हवा वेगळी लागली म्हणे. कुठे नुकत्या सारवलेल्या जमिनीचा वास, कुठे भाकरी करपल्याचा.

दिवस कलला तेव्हा अठरा झाले होते. शेवटचा ठकूचा. तो बसवून येमाजी बराच वेळ बाहेर उकिडवा बसला. आळीत पहिली माणसं गेली त्या दिवसांत, अशाच कलत्या उन्हात, ठकू त्याच्या दारात आली होती. अंगात ताप होता, आवाज ओळखीचा होता. घरात लेकरं होती. त्याने आतून कडी घट्ट धरून नुसतं विचारलं होतं, "कोण?" तिने नाव सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, "कोण?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती परत फिरली होती.

येमाजीने घसा खाकरला. "ठके, येऊ का?"

आणि आतून, जिथे आत असं काहीच नव्हतं तिथून, तिचा आवाज आला. "कोण?"

"मी येमा. तुझा भाऊ."

पुढे 'ये' असं काही आलं नाही. त्याने पाय उचलला नाही.

त्या दिवसापासून वाट चुकून रानात कुणी गेलं नाही. गाव सुटलं, येमाजी सुटला नाही. अकरा वर्षं तो रोज दिवेलागणीला त्या दगडापाशी जाऊन विचारायचा. रोज आतून तेवढाच एक शब्द यायचा, रोज तो नाव सांगायचा आणि मान खाली घालून परत फिरायचा.

मग एका संध्याकाळी तो घरी आला, पाय धुतले, आणि सुंद्राला म्हणाला, "आज तिनं 'कोण' विचारलं नाही." सुंद्राने विचारलं, मग काय म्हणाली? आज कडी लावू नकोस, एवढं सांगून तो भिंतीकडे तोंड करून निजला. सकाळी त्याचं अंग गार होतं. तळव्यांना ओलं शेण लागलेलं होतं, आणि सुंद्राचं घर तर आठवडाभर सारवलेलं नव्हतं, असं सांगतात.

विश्राम गुरव इथे थांबतात आणि पाहुण्यांना पाणी देतात. आजही धामणवेसमध्ये तिन्हीसांजेला कडी वाजली, तर आतून कुणी "कोण?" म्हणून विचारत नाही. दार उघडतात, आणि मग बघतात.