सारजेचं माळवद

फार फार वर्षांपूर्वी नदीच्या काठाला करंजवेळ नावाचं गाव होतं. त्या गावात सारजा नावाची सुईण होती, आणि सारजेला कौतिक नावाची एकुलती एक लेक होती. नवरा लवकर गेला. मायलेकी गावाच्या कडेला गवती छपराखाली राहायच्या. कौतिक जन्मली तेव्हा आषाढाची झड लागली होती. छप्पर गळत होतं, आणि उघड्या अंगाच्या लेकरावर पहिलं काय पडलं, तर पाण्याचा थेंब. सारजेनं तेव्हाच मनाशी गाठ मारली, की माझ्या लेकीच्या डोक्यावर माळवद झाल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही.

आता माळवद म्हणजे काय, तर रुंद दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडाच्या तुळया, आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी वैशाखात, पाऊस यायच्या आत, लोक त्यावर नवी माती टाकायचे. जुनी कोणी काढायचं नाही. आजानं टाकलेली, बापानं टाकलेली, तिच्यावर आपली. ज्याचं माळवद जाड तो घरंदाज. सोयरीक बघायला आलेले पाहुणे आधी वर बघायचे, मग मुलीकडं.

सारजेनं पोटाला चिमटा घेऊन भिंती उभ्या केल्या, तुळया टाकल्या; राहिली ती वरची माती. तिच्या हाताला यश होतं. आडव्या आलेल्या लेकराला ती बाहेरून नुसतं गोंजारून सरळ करायची. पोटाला कान लावला की आतलं लेकरू हसतंय का रुसलंय हेसुद्धा तिला कळायचं, असं म्हणतात. लोक जोंधळे द्यायला यायचे, लुगडं द्यायला यायचे. ती म्हणायची, "मला हे काही नको. बारशादिवशी बापानं डोक्यावर पांढऱ्या मातीची एक पाटी आणायची आणि माझ्या घरावर ओतायची."

वैजिनाथ पाटील तिला चिडवायचे. "सारजे, माती खातीस काय गं? जोंधळे ने की."

"जोंधळ्याला किडा लागतो पाटील. मातीला लागत न्हाई."

"अगं, पण घरात पेव खणून ठेवलंयस, त्यात काय भरशील? वारा?"

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, वर तोंड लहान आणि पोट मोठं. सारजेनं मोठ्या हौसेनं ते घरात खणून घेतलं होतं, पण जोंधळेच घेत नव्हती, तर भरणार काय? उन्हाळ्यात कौतिक त्याच्या तळाशी पाण्याची घागर ठेवायची, म्हणजे पाणी गार राहायचं. तेवढाच त्याचा उपयोग.

बाप शिडी चढायला लागला की सारजा खालून विचारायची, "कोणाची पाटी?" बाप लेकराचं नाव सांगायचा आणि माती ओतायचा. मग सारजा वर जाऊन ती माती चोपायची, त्या लेकराचं नाव घेत घेत. असं करता करता गावात लेकरं वाढली, तसं सारजेचं माळवद वाढलं. पाटलांच्या माळवदापेक्षा जाड झालं. सुईणीच्या माळवदावर म्हणे बैलगाडी फिरली असती.

कौतिकचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. त्याच वैशाखात जमिनीतून आवाज यायला लागले. कधी उतरंडीची मडकी एकमेकांना लागायची, कधी आडाचं पाणी उगाच हलायचं. म्हातारे म्हणाले, धरणी कूस बदलतीय. सारजेनं अंगणात आडवं होऊन भुईला कान लावला. बराच वेळ उठली नाही. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"कूस न्हाई," ती म्हणाली. "कळा हायेत ह्या. थांबून थांबून येत्यात, आन् दर खेपेला जवळ जवळ येत्यात."

लोक हसले. "आता धरणीचं बाळंतपण करतीस का गं माय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडून धनगराचा निरोप आला. बायको अडली होती. सारजेनं पिशवी उचलली. कौतिक दारात आली आणि म्हणाली, "आई, मीबी येते. घरात जीव घाबरायलाय. वरून माती झिरपतीय बघ."

"गप बस. भरल्या दिवसाची तू, उन्हात कुठं फिरतीस? ह्या माळवदाखालून हलायचं न्हाई. वर किती माती हाय बघ. आभाळ पडलं तरी तुला खरचटायचं न्हाई."

एवढं बोलून सारजा निघून गेली.

धनगराच्या वाड्यावर मेंढरं बसायला तयार नव्हती. सारजेनं लेकरू मोकळं केलं, नाळ कापली, आणि लेकरू रडलं त्याच क्षणी पायाखालून असा आवाज आला, जणू जमिनीखाली दळणाची हजार जाती एकदम फिरायला लागली. उभी माणसं आडवी झाली. नदीचं पाणी पात्र सोडून वर आलं आणि परत गेलं. आणि पलीकडे, जिथं गाव होतं, तिथं पांढरा ढग उठला. पिढ्यानपिढ्यांची माळवदं एकदम खाली बसली होती. त्या ढगानं दिवसाचा उजेड झाकला, असं म्हणतात.

सारजा धावत आली. गल्ली ओळखू येईना, घर ओळखू येईना. शेवटी दारातल्या शेवग्यावरून तिनं आपलं घर ओळखलं. घर कुठलं, ढिगारा! गावातला सगळ्यात मोठा. तिनं त्यावर अंग टाकलं आणि कान लावला. काही नाही. जागा बदलली, पुन्हा लावला. काही नाही. ज्या कानाला पोटातल्या पोटात लेकराचं रुसणं ऐकू यायचं, त्या कानाला स्वतःच्या लेकीचा श्वास ऐकू येईना.

तेवढ्यात शेजारच्या ढिगाऱ्यातून बारीकसं काही वाजलं. सारजा उठली. एकदा मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "कौतिके, जिथं वाजतंय तिथं आधी जाते गं माय." आणि गेली.

मग ती थांबलीच नाही. ढिगाऱ्याला कान लावायची, बोट ठेवायची आणि सांगायची, "हितं. डोकं इकडं हाय, सावकाश." लोक खणायचे, आणि माणूस निघायचा. कोणाला तिनं खांद्याला धरून, मान सांभाळून, बाळंतपणात काढतात तसं वळवून काढलं. वैजिनाथ पाटलांचा नातू असाच निघाला. पाटलीणबाई निघाल्या, पण त्यांच्यात जीव नव्हता. सारजेची नखं गेली, लुगड्याच्या चिंध्या झाल्या. त्या दिवशी तिनं ज्यांना जमिनीतून काढलं, ते सगळे दोनदा जन्मले आणि दोन्ही वेळा सारजेच्याच हातात आले, असं म्हणतात.

दुसरा दिवस उजाडला. आता कुठंच काही वाजत नव्हतं. लोक थकून ढिगाऱ्यांशेजारी बसले होते. सारजा पाय ओढत आपल्या ढिगाऱ्यावर आली. कोपऱ्यातल्या जागी, जिथं पेवाचं तोंड होतं, तिथं आडवी झाली आणि कान लावला.

खोल, फार खोल काहीतरी होतं. एक ठोका संथ. आणि त्याच्यामागून दुसरा, बारीक, धावत येणारा.

"दोन हायेत," सारजा म्हणाली. मग ओरडली, "दोन हायेत रे! माझी कौतिक दोन झाली!"

ती हातानं माती उकरू लागली. पण माती किती? गावात जेवढी लेकरं जन्मली तेवढी. तिनंच मागून घेतलेली, तिनंच चोपून बसवलेली. मूठ काढावी तर दोन मुठी वरून घसरत होत्या. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. म्हणाली, "मीच घातलं गं तुझ्यावर हे ओझं."

वैजिनाथ पाटील उठले. घरातून काय वाचलं होतं, तर एक फुटकी पाटी. ती घेऊन ते ढिगाऱ्यावर चढले आणि म्हणाले, "सारजे, बाजूला हो. माझ्या लेकाची पाटी मी टाकली होती. मीच उतरवतो." पाटी भरली, डोक्यावर घेतली, आणि गावाबाहेर माळावर नेऊन ओतली.

मग दुसरा उठला. मग तिसरा. ज्याला पाटी नव्हती त्यानं धोतराचा सोगा पसरला, बायकांनी पदरात माती घेतली. सारजा वाटेत उभी राहून विचारत होती, "कोणाची पाटी?" आणि जो तो आपल्या लेकराचं नाव सांगून माती उचलत होता. एक बाई आली. तिचा मुलगा आदल्या दिवशी गेला होता. सारजेला विचारवेना. ती बाई आपणच म्हणाली, "माझ्या सुभान्याची." आणि मुलाला घ्यावं तशी माती कडेवर घेऊन चालू लागली.

सगळी लेकरं उतरली. खाली तुळया आडव्यातिडव्या पडल्या होत्या, त्यांच्याखाली पेवाचं तोंड. आतून आवाज आला, "आई, उशीर केलास. मलाच नाळ कापायला लागली."

कौतिकनं मग सांगितलं ते असं. माती झिरपायला लागली तसा तिला धीर धरवेना. बाहेर जावं तर आईचा शब्द मोडतो. मग ती घागरीतलं पाणी प्यायला म्हणून पेवात उतरली. माळवदाखालून हललीही नाही, आणि माळवदाखाली सापडलीही नाही. गार पाणी होतं, खाली भुसा होता. त्या अंधारात तिनं स्वतःच स्वतःचं बाळंतपण केलं. पेवात जोंधळे भरलेले असते, तर मायलेकी कुठं मावल्या असत्या? मागून घेतलेल्या मातीनं गाडलं, आणि न घेतलेल्या जोंधळ्यांनी वाचवलं.

मुलीचं नाव गावानं ठेवलं, जगू. सारजेनं पुन्हा छपराचं घर बांधलं, आणि त्यात ती पुष्कळ वर्षं जगली. जगूला लेकी झाल्या, लेकींना लेकी झाल्या. त्या घरात बाळंतपणात कोणी दगावलं नाही, आणि ते पेव पुढं कधी रिकामं राहिलं नाही, असं म्हणतात.

आजही करंजवेळात घरावर माती चढवत नाहीत, उतरवतात. लेकरू जन्मलं की बारशादिवशी बाप घरावरून एक पाटी माती खाली आणतो. आता घरं सिमेंटची झाली, तरी गच्ची झाडून निघेल ती मूठभर धूळ पाटीत घेतात आणि माळावर नेतात. तिथं ओतून ओतून टेकडी झालीय. तिला म्हणतात सारजेचं माळवद. भरल्या दिवसांच्या सुना तिथं जाऊन भुईला कान लावतात, आणि त्यांना आत दोन ठोके ऐकू येतात.

टेकडीच्या पायथ्याशी जगूच्या वंशातली कोणीतरी बाई उभी असते. पाटी आली की ती विचारते, "कोणाची पाटी?" बाप लेकराचं नाव सांगतो. नाव ऐकल्याशिवाय ती माती ओतू देत नाही.